न जेवणारा पाहुणा

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरांतून सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे कुणी मला विचारले तर मी सांगेन : "अहो, एक तरी घ्या!" चकली घ्या, अनारसा घ्या, निदान करंजीचा तुकडा तरी मोडा. पाहुणा ताटलीवर हात आडवा धरतो आणि गृहिणी त्या हाताच्या फटीतून नेमका लाडू आत सोडते. पाहुणा म्हणतो, "नको, नको". आणि आपण सगळे समजतो की 'नको' ही 'हो' म्हणण्याचीच एक सभ्य रीत आहे. आपल्याकडे जिव्हाळ्याचे माप आग्रह हे आहे. ज्याने आग्रह केला नाही त्याच्या घरचे पक्वान्नही आपल्याला अळणी लागते.

मीही याच परंपरेत वाढलो आणि वाढलेले मुकाट्याने खात आलो. परंतु लहानपणी माझ्या वाट्याला एक पाहुणा असा आला, की त्याने माझ्या आग्रहाला जराही दाद दिली नाही. अकरा दिवस तो आमच्या घरी होता आणि अन्नाला तोंड न लावता गेला. हा पाहुणा म्हणजे धामणीचे एक पिल्लू होते. वाचकहो, सणासुदीला सापाची गोष्ट कुठे काढली, म्हणून नाक मुरडू नका. वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी साप हा काही अपूर्वाईचा विषय नव्हे. तो आमचा शेजारीच.

वर्ष १९६४. मी दहा वर्षांचा होतो. वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या वाटेवर आमचे गाव. पोळा होऊन आठवडा झाला होता, पऱ्हाटी कमरेइतकी वाढली होती. गोठ्यातले जुने कुटार उपसताना आमच्या सालदाराच्या पायाशी हे पिल्लू निघाले. हातभर लांब आणि करंगळीहून बारीक. त्याने काठी उचलली तेवढ्यात आबाजी ओसरीवरून ओरडले, "मारू नको बाप्पा! धामन हाये ते. उंदराचा काळ."

धामणीला विष नसते आणि शेतातल्या उंदरांचा ती फडशा पाडते, हे आबाजींना ठाऊक होते. सालदाराला मात्र धामण रात्री गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे ठाऊक होते. दोघांपैकी आबाजींचे खरे होते. सापाला दूध ओढून पिता येईल अशी त्याच्या तोंडाची रचनाच नाही. पण आबाजी मालक होते म्हणून पिल्लू वाचले, ज्ञानाच्या बळावर वाचले नाही. जगात पुष्कळ सत्ये अशीच वाचतात.

मी हट्ट धरला की हे पिल्लू मी पाळणार. आज असे करणे गुन्हा आहे. १९७२ साली वन्य जिवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि धामणच काय, कोणताही रानातला साप घरात कोंडून ठेवता येत नाही. परंतु १९६४ साली तो कायदा नव्हता आणि मला आबाजींचा लाडका नातू असल्याचा आधार होता. दुकानातून गोळ्यांची एक रिकामी काचेची बरणी आणली, तळाशी माती घातली, तोंडावर फडके बांधले आणि मी एका जिवाचा मालक झालो.

मालक झाल्यावर पहिले कर्तव्य म्हणजे पोटाला घालणे. मी बशीत दूध ठेवले. नागपंचमीला सापाला दूध देतात, एवढीच माझी शास्त्रीय तयारी. पिल्लाने त्याकडे पाहिलेही नाही. पुढे मोठेपणी कळले की गारुड्याकडचा नाग दूध पितो तो दुधाच्या आवडीने नव्हे. त्याला आधी कित्येक दिवस तहानेला ठेवलेले असते, समोर येईल ते तो पितो आणि मागाहून त्यानेच आजारी पडतो. भक्तीच्या नावाखाली तहानेचा असा व्यापार चालतो.

दुसऱ्या दिवशी मी गांडुळे घातली. तिसऱ्या दिवशी उकडलेले अंडे. चौथ्या दिवशी भाकरीचा कुस्करा, तोही तूप लावून, कारण घरात जो जेवत नसे त्याला आई तूप लावून देई. पिल्लू कशालाच शिवले नाही. ते बरणीच्या काचेवर नाक घाशीत राही; खालून वर, वरून खाली. मला वाटे, ते माझ्याशी खेळते आहे.

पाचव्या दिवशी आबाजी म्हणाले की त्याला बेडूक लागतो. झाले! विहिरीच्या ओलीवरून अंगठ्याएवढे एक बेडकाचे पिल्लू धरून मी बरणीत सोडले आणि डोळे लावून बसलो. आजी माळ ओढीत होती. तिने विचारले, "काय करतं रे?"

"त्याला जेवायला वाढले."

"अन् ह्याले?" बेडकाकडे बोट करून तिने विचारले. "ह्याले कोन वाढते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आजही नाही. रानात धामण बेडूक खाते त्यात कुणाचे पाप नाही. तिथे बेडकालाही उडी मारायला जागा असते. पण मी त्या बेडकाला काचेत आणून सोडले होते. एका जिवावर माया करायची म्हणून दुसऱ्याच्या पळण्याची वाट मी बंद केली होती. जीव जिवावर जगतो हे सृष्टीचे बोलणे झाले. त्या बोलण्याची ढाल करून आपण वाढप्याचे काम हाती घेतले, म्हणजे हिशेब आपल्या नावावर मांडला जातो. आजीने हे असे काही सांगितले नाही. तिने एवढेच विचारले आणि पुढचा मणी ओढला.

सकाळी पाहतो तर दोघेही जसेच्या तसे. बेडूक पिल्लाच्या वेटोळ्यावर निवांत बसलेला! घरातली सगळी माणसे येऊन हसून गेली. मी मात्र रडवेला झालो. बेडूक विहिरीवर नेऊन सोडला आणि परत येऊन पाहिले, तर पिल्लाचे डोळे पांढुरके निळे झालेले. मला वाटले, उपासाने आंधळे झाले.

ते आंधळे झाले नव्हते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकण्यापूर्वी तोही गढूळ होतो. त्या दिवसांत सापाला धड दिसत नाही, तो दबून राहतो आणि सहसा खात नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटात तर पिवळ्या बलकाची शिदोरी काही दिवस पुरते. पहिली कात टाकीपर्यंत त्याला बहुधा भूकच नसते. शिवाय साप आपल्यासारखा अन्न जाळून अंग ऊबदार ठेवीत नाही. ऊब तो बाहेरून घेतो, म्हणून आपल्या एका दिवसाच्या अन्नात त्याचे कितीतरी दिवस निघतात. हवा गार असली तर खाल्लेले पचणार नाही, म्हणून तो खातच नाही. मोठे साप महिनोन् महिने अन्नावाचून राहू शकतात. म्हणजे ज्याला मी उपासमार समजत होतो तो त्या पिल्लाचा साधा दिनक्रम होता. माझी घड्याळे दोन होती, सकाळच्या जेवणाचे आणि रात्रीच्या जेवणाचे. त्याचे घड्याळ निराळे होते.

आठव्या दिवशी त्याने कात टाकली. उलटा काढलेला मोजा असावा तशी ती कात बरणीत पडली होती आणि पिल्लू नवे कोरे, चकचकीत झाले होते. आता ते खाईल, असे सगळ्यांनाच वाटले. मी मेलेली पाल आणली. त्याने तोंड फिरवले आणि पुन्हा काचेवर नाक घासू लागले. नवव्या दिवशीही तेच, दहाव्या दिवशीही तेच.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला साठ वर्षांनंतरही मला संकोच वाटतो. दहाव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हते. माझा चुलतभाऊ आणि मी, दोघांनी मिळून ठरवले की याला भरवायचे. लहान मूल जेवत नसले की त्याचे नाक दाबून घास घालतात, हे आम्ही पाहिले होते. त्याने पिल्लाची मान धरली, मी खराट्याच्या काडीने पालीचा तुकडा त्याच्या तोंडात रेटला. रेटला आणि आणखी रेटला. ते सुटण्यासाठी माझ्या मनगटाभोवती आवळले गेले. एवढीशी ताकद त्याची. पण ती सगळीच्या सगळी मला त्या वेळी कळली. थोड्या वेळाने त्याने तुकडा बाहेर टाकला. त्याच्याबरोबर तोंडाच्या कडेला रक्ताचा एक थेंब आला.

मी वाईट मुलगा नव्हतो. मी ते द्वेषाने केले नाही, गंमत म्हणूनही केले नाही. ते जगावे म्हणूनच केले. ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सालदाराची काठी आणि माझी काडी यांत हेतूचे अंतर जमीन-अस्मानाचे होते. पिल्लाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही काड्याच. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात उपोषण करणाऱ्या जतींद्रनाथ दासांना नळीने बळजबरी अन्न घालण्याचा प्रयत्न झाला, त्यात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली आणि त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, ते गेले. ती गोष्ट शाळेत वाचताना बाकीची मुले सरकारवर दात-ओठ खात होती. मला माझी काडी आठवत होती. कोंडणारा जेव्हा भरवू लागतो तेव्हा त्याला कैद्याच्या पोटाची काळजी असते की आपल्या पकडीची, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

संध्याकाळी आबाजींनी ते रक्त पाहिले. मला वाटले, आता पाठीत बसणार. पण ते ओसरीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "शेगावात साप लय होते. गांधीबाबाच्या आश्रमात त्याले कोनी मारत नसे, अन् कोनी पाळतही नसे. चिमट्यानं धरत, पेटीत टाकत, दूर रानात नेऊन सोडत." थोडे थांबून म्हणाले, "आपन निम्मंच केलं."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही दोघे बरणी घेऊन तुरीच्या वावराकडे गेलो. धुऱ्यावर दगडांचा एक जुना ढीग होता. मी फडके सोडले आणि बरणी आडवी केली. पिल्लू काठापर्यंत आले, जीभ लवलववून थांबले. त्याने मागे वळून पाहिले, असे लिहायला मला फार आवडले असते. तसे झाले नाही. दगडांच्या फटीत ते पाण्यासारखे शिरले आणि संपले. पुढे त्याने काय खाल्ले, खाल्ले की नाही, ते मला कधी कळले नाही. सोडून देण्याची किंमत हीच असते, की पुढचे कळत नाही.

काही वर्षांनी शाळेच्या सहलीबरोबर मी सेवाग्रामला गेलो. १९३६ साली गांधीजी शेगावी राहायला आले. पुढे १९४० साली त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. बापूंच्या कुटीतली बैठक, चष्मा, पाट पाहून मुले पुढे सरकली. मी मात्र तो लाकडी चिमटा शोधीत होतो. साप धरण्याचा तो लांब चिमटा आणि साप ठेवण्याची पेटी तिथे जपून ठेवली आहे. मला तो फार मोलाचा वाटला. मारणे आणि पाळणे या दोनच गोष्टी आपल्याला ठाऊक असतात. ज्याची भीती वाटते त्याला मारायचे आणि ज्याची माया वाटते त्याला कोंडायचे. त्या चिमट्याने तिसरी गोष्ट सुचवली होती : इजा न करता धरायचे, जरूर तेवढाच वेळ धरायचे आणि त्याच्या जागी नेऊन सोडायचे. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे त्याच एका चिमट्याची.

येथपर्यंत गोष्ट सोपी आहे. 'नको' म्हणणाऱ्याचे ऐकावे, एवढेच तात्पर्य काढून मला थांबता आले असते. पण जगात 'नको' एकाच जातीचे नसते, हे मला पुढे आईने शिकवले.

२००३ सालच्या थंडीत आईने जेवण टाकले. सत्तरी उलटलेली होती. ताट आले की "नको रे" म्हणून भिंतीकडे तोंड करी. धाकटी बहीण तूप-भात कालवून मागे लागे, मी चमचा घेऊन बसे. एकदा चमचा तिच्या मिटलेल्या ओठांना लागला आणि मला एकाएकी ती बरणी आठवली. मी चमचा खाली ठेवला. मोठ्या शहाणपणाने बहिणीला म्हणालो, "तिची इच्छा नसेल तर आपण जबरदस्ती करू नये." मला वाटले, मी त्या पिल्लाकडून शिकलेला धडा बरोबर गिरवला.

बहिणीने माझे ऐकले नाही, हे आईचे भाग्य. तिने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घरी आणले. त्यांनी आईला तोंड उघडायला सांगितले. कवळीखाली हिरड्यांना जखमा झाल्या होत्या. घास चावताना ब्रह्मांड आठवे. मुलांना कशाला त्रास, म्हणून ती बोलली नव्हती. औषध लावले, कवळी घासून नीट करून घेतली आणि पंधरा दिवसांत आई भाकरी मागू लागली. माझ्या तत्त्वज्ञानाच्या भरवशावर राहिलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी सहसा करीत नाही.

त्या दिवशी मला कळले की मी पिल्लाकडून अर्धाच धडा घेतला होता. त्याचे पहिल्या आठवड्यातले 'नको' कातीचे होते. त्यावर उपाय म्हणजे ऊब द्यावी, आडोसा द्यावा आणि वाट पाहावी. नंतरचे 'नको' काचेचे होते. त्यावर उपाय म्हणजे बरणी आडवी करावी. आईचे ते 'नको' कवळीचे होते. त्यावर उपाय औषधाचा होता. बाहेरून पाहणाराला तिन्ही ठिकाणी मिटलेले तोंडच दिसते. आग्रह करणारा ते तोंड उघडू पाहतो, माझ्यासारखा उदार माणूस पाठ फिरवतो. आणि दोघेही एकच चूक करतात. नकार कशाचा आहे, हे दोघेही विचारीत नाहीत.

आणखी एक 'नको' आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे आणि ते दिवाळीशीच जोडलेले आहे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला, धाम नदीच्या काठी, सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी दुखण्यात अन्न आणि औषध घेणे थांबवले. पुष्कळांनी विनवले, पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन गेल्या. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या दिवशी, विनोबा गेले. मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि गर्दीत नदीकाठी उभा होतो. गर्दीत दोन पक्ष होते. एक म्हणत होता, आयुष्याचे काम पुरे झालेल्या माणसाचा तो हक्क आहे; दुसरा म्हणत होता, आपण सगळ्यांनी मिळून त्यांना आणखी विनवायला हवे होते. दोन्हींकडे डोळ्यांत पाणी होते. त्या वादाचा निकाल लावण्याची माझी योग्यता नाही. एका संताचे आणि एका पिल्लाचे 'नको' मी एका मापाने मोजीत नाही. पण त्या गर्दीतले दोन्ही पक्ष मला नंतर आमच्याच घरात पुन्हा भेटले.

२००६ साली आईने पुन्हा जेवण टाकले. या वेळी मी आधी तोंड पाहिले, पोट पाहिले, मन पाहिले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बरणी कुठे आहे का, कवळी कुठे आहे का, सगळे शोधून झाले. कुठेच काही नव्हते. होते ते वय. डॉक्टर म्हणाले की नाकातून नळी घालता येईल, पण तिने सुख वाटेलच असे नाही. शरीर मिटू लागले की भूक आपोआप मिटते. बहीण रडत म्हणाली, "आईला उपाशी कसे जाऊ द्यायचे?" मी आईला विचारले. ती शुद्धीवर होती. तिने माझा हात धरून बाजूला सारला. अगदी हळू, पण सारला. आम्ही नळी घातली नाही. बहीण नऊ दिवस ओल्या कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ पुसत बसली होती, मी पाय चेपीत होतो. ते बरोबर केले का? मला वाटते, बरोबर केले. खात्री मात्र कुणी विचारू नये. त्या वेळी हात घट्ट धरायचा होता आणि चमचा खाली ठेवायचा होता, एवढे मात्र कळत होते.

दर दिवाळीला बहीण माझ्याकडे येते. तीही आता साठी ओलांडून गेली. मी ताटली पुढे करतो, ती "नको" म्हणते. मी आता लगेच लाडू सोडीत नाही, आणि ताटली उचलूनही नेत नाही. मी विचारतो, "काऊन ग, नको कशानं?" कधी ती म्हणते, साखर वाढली आहे. कधी म्हणते, दात दुखतो. आणि कधी, आग्रहच ऐकायचा असेल तेव्हा, नुसती हसते. मग मात्र मी तिच्या हाताच्या फटीतून लाडू आत सोडतो.